अकरा वीसला नळदुर्ग पडतो

५ जानेवारी २०२५, रविवार

पुण्यात कंपनीत असताना प्रत्येक कामाची नोंद ठेवायची सवय लागली होती. इथं धाराशिवला येऊन चार महिने झाले, कुणी नोंद मागत नाही. मग माझी मीच ठेवते. ऑफिसची वही वेगळी, ही वेगळी.

आज नळदुर्ग अपडेट केला. आमच्या ट्रस्टच्या रुग्णालयाचा सगळा संगणकी कारभार दोन सर्व्हरवर चालतो. माझ्या आधीच्या माणसानं त्यांना किल्ल्यांची नावं दिली, नळदुर्ग आणि परांडा. नळदुर्ग मोठा. त्या एका यंत्राच्या पोटात सहा स्वतंत्र संगणक असल्यासारखे चालतात: केसपेपर, लॅब, एक्स-रे, रक्तसाठा, औषधं आणि पगार. परांडा म्हातारा, रोजची नक्कल ठेवण्यापलीकडं त्याला काही झेपत नाही.

तीन वर्षं नळदुर्गला कुणी हात लावलेला नव्हता. सकाळी सहाला गेले, नवी आवृत्ती चढवली, रीस्टार्ट केला, सहाच्या सहा मशीन वर आल्या. साडेनऊला घरी. रणधीर, माझा नवरा, म्हणाला, "एवढ्यात?" बरं वाटलं. मुलाखतीच्या वेळी वसंतराव साहेबांनी विचारलं होतं, "सर्व्हर-बिर्व्हर बाईमाणसाला जमतंय का?" वसंतराव आमचे प्रशासन अधिकारी. त्यांना उद्या सहज सांगेन, झालं म्हणून.

एक बारीकसं राहिलं. सर्व्हर बनवणाऱ्या कंपनीच्या साईटवर एक यादी असते, कोणत्या कार्डाला कोणती आवृत्ती आणि कोणता ड्रायव्हर चालतो त्याची. ती उघडायला घेतली होती. साईट काही उघडेना, आणि तेवढ्यात सिस्टर दारात येऊन म्हणाल्या, "मॅडम, अजून किती वेळ?" मग सुरूच केलं. चाललं की सगळं.

७ जानेवारी, मंगळवार

अकरा वीसला सगळ्या खिडक्यांवरच्या संगणकांचे पडदे एकदम गोठले. केसपेपर, लॅब, औषधं, सगळं. चाळीस सेकंदांनी आपोआप परत आलं. रांगेतली माणसं ओरडायच्या आत. काही नसेल.

८ जानेवारी, बुधवार

आज तीनदा. अकरा वीस, बारा पाच, पावणेएक.

बारा पाचला मी एक्स-रे खोलीबाहेरच होते. आत मशीन चाललं, कॉरिडॉरमधले दिवे बारीक झाले, पुन्हा मोठे झाले. सर्व्हर रूममध्ये पोचेपर्यंत नळदुर्ग पडलेला. डोक्यात लख्ख उजेड पडला. लाईट! डिसेंबरच्या शेवटी एक्स-रेसाठी नवीन लाईन ओढली आहे. महांतप्पांनी.

महांतप्पा म्हणजे आमचे इलेक्ट्रिशियन. अणदूरचे, पन्नाशीचे, अकरा वर्षं कंत्राटावर. आठवडाभर इथं खोली करून राहतात, शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं गावी. सगळे त्यांना अप्पा म्हणतात. त्यांना विचारलं तर म्हणाले, "लाईन चांगली हाय मॅडम. मी सोता वढलीय." सगळेच असं म्हणतात.

सर्व्हरच्या आधी यूपीएस आहे, त्यामुळं दिवे बारीक झाले तरी त्याला कळायला नको. पण यूपीएस जुना आहे.

१० जानेवारी, शुक्रवार

काल चारदा, आज पाचदा. ओपीडीत एका बाईचा केसपेपर निघायला अर्धा तास लागला, तिच्या दिरानं काउंटरवर हात आपटला. वसंतराव साहेबांनी लेखी मागितलं. दिलं.

"विद्युतपुरवठ्यातील चढउतारामुळे सर्व्हरच्या जोडणीत व्यत्यय येत असल्याची दाट शक्यता आहे."

वाक्य चांगलं झालंय. खोटं त्यात काहीच नाही. शक्यता आहेच.

साहेबांनी वाचलं, चष्मा काढला. "म्हणजे अप्पाचं काम."

"तसं नाही म्हणत मी, सर. लाईनचं."

"लाईन कुणी ओढली?"

मी माझ्या प्रतीवर पोच घेऊन बाहेर आले. खरं म्हणजे बोलण्यासारखं काही नव्हतंच.

११ जानेवारी, शनिवार

आज दुपारी ओपीडी संपल्यावर नळदुर्गवर आणखी एक छोटं अपडेट टाकलं. कंपनीनं दोनच दिवसांपूर्वी काढलेलं. लाईटचा दोष असेल तर याचा काही उपयोग नाही, हे मला माहीत आहे. तरी टाकलं. का टाकलं? असावं म्हणून.

रणधीरनं रात्रीच्या जेवणात विचारलं, "तुझं लक्ष कुठाय?" म्हटलं, लाईटचा प्रॉब्लेम आहे. तो म्हणाला, "मग तुझ्या का जिवाला घोर?"

१३ जानेवारी, सोमवार

पौष पौर्णिमा. अप्पा खंडोबाच्या जत्रेला नळदुर्गला गेले, आणि इकडचा नळदुर्ग सहादा पडला. वसंतराव साहेब ओपीडीत सगळ्यांसमोर म्हणाले, "बघा, लाईन धडाची नाही आणि माणूस जत्रेत!" लोक हसले. मीही हसले असेन.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. अप्पांनी डब्यात तिळाच्या वड्या आणल्या होत्या, बायकोनं केलेल्या. माझ्या हातावर दोन ठेवल्या. "घ्या मॅडम. आन मला एक परवानगी द्या. उद्या तुमच्या खोलीत मीटर लावून बसू का दिसभर?"

"कशाला?"

"माझ्या नावानं लागलंय. बघतो तरी काय होतंय ते."

हो म्हटलं. नाही कसं म्हणणार?

१५ जानेवारी, बुधवार

अप्पा दिवसभर सर्व्हर रूममध्ये स्टुलावर बसून होते. एका हातात मीटर, मांडीवर शाळेची दोनशे पानी वही. एक्स-रेच्या बिरूशी मोबाईलवर बोलणं चालू. बिरू तंत्रज्ञ आहे, कामाला वाघ, पण बोलतो फार. "बिरू, मारला का एक्स-रे?" "मारला." वहीत खूण. "आता?" पुन्हा खूण. मला त्या आवाजानं काम सुचेना. दोनदा बाहेर जाऊन आले.

चारला त्यांनी वही माझ्यापुढं धरली. अक्षर मोठं, सुबक.

"मॅडम, आज एक्स-रे चाळीस बारी चालला. चाळीस बारी दिवे हलले. पण तुमचं मशीन पडलं पाचच बारी."

"मग?"

"ती पाच बारी कवा, ते बघा. एक्स-रे मारला तवा न्हाय. मारल्यावर पाच-सात मिनटांनी. बिरू फोटू धाडायचं बटण दाबतोय ना, तवा. त्यात बी एकटा फोटू धाडला तर न्हाय. छातीचे, कमरेचे चार-पाच एकदम धाडले की पडतंय."

मी म्हटलं, "अप्पा, हे इतकं सोपं नसतं. आत बऱ्याच गोष्टी असतात."

"असत्याल. मला आतलं काय कळतंय! बाहीरचं दिसलं ते लिवलं." वही मिटली. मग दारातून वळून म्हणाले, "ही वही मी साहेबाला दावली न्हाय. तुमालाच दावली."

का नाही दाखवली कुणास ठाऊक. बहुतेक आपण काय शोधलंय ते त्यांनाच नीट कळलेलं नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

दुपारी दोनला ओपीडी रिकामी असताना बिरूला म्हटलं, जुने दहा फोटो एकदम पाठव. एक्स-रे मशीन बंद, बिरूचा संगणक वेगळ्या लाईनवर. दिवे स्थिर. अप्पांनी ओढलेल्या लाईनचं बटणच मी खाली केलं होतं.

बिरूनं पाठवले. आठव्या सेकंदाला नळदुर्ग पडला.

पुन्हा पाठवायला सांगितलं. पुन्हा पडला. तिसऱ्यांदा मीच सांगितलं, राहू दे.

सर्व्हरच्या आतल्या नोंदी उघडून बसले. त्या मी पहिल्या दिवशीच उघडायला हव्या होत्या. उघडल्या होत्या, वरवर. आज ओळीनं वाचल्या. प्रत्येक वेळी तेच: नेटवर्क कार्ड अडकलं, ते चालवणाऱ्या प्रोग्रामनं, म्हणजे ड्रायव्हरनं, ते बंद करून पुन्हा चालू केलं. पहिली नोंद सोमवार, सहा जानेवारीची आहे, चार सेकंदांची, कुणाच्या लक्षातही न आलेली. त्याआधी तीन वर्षांत एकही नाही.

तरी दोन प्रयोगांवरून सिद्ध झालं असं म्हणता येत नाही. तीन तरी हवेत.

१७ जानेवारी, शुक्रवार

सकाळी आठला ती यादी उघडली. आज साईट पाणी वाहावं तशी चालली. आमचं कार्ड सापडलं. त्यापुढं चालणाऱ्या आवृत्त्या. मी चढवलेली आवृत्ती आहे, पण तिच्यापुढं कार्डाचं फर्मवेअर किती हवं ते लिहिलंय. फर्मवेअर म्हणजे कार्डाच्या स्वतःच्या डोक्यात कायम भरलेला प्रोग्राम. आमचं पाच वर्षांपूर्वीचं. नव्या आवृत्तीतला ड्रायव्हर कार्डाला सांगतो, मोठ्ठा तुकडा देतो, तूच कापून पुढं पाठव. जुन्या कार्डाला ते नीट येत नाही. थोडा माल असला तर रेटतं, एक्स-रेसारखा ढीग आला की गुदमरतं.

एवढंच. दोन मिनिटांचं वाचन होतं.

वाटलं, जुनी आवृत्ती परत आणू. सर्व्हर आधीची एक आवृत्ती बाजूला जपून ठेवतो, गरज पडली तर तिच्यावरून चालू करता येतं. बघितलं तर तिथं पाच तारखेची आहे. अकरा तारखेला मी ते छोटं अपडेट टाकलं तेव्हा तीन वर्षं चाललेली जुनी पुसली गेली. परतीची वाट मीच बुजवली, कुणी सांगितलेलं नसताना.

आता एकच उपाय, कार्डाचं फर्मवेअर नवं करणं. त्याला नळदुर्ग बंद करावा लागेल. रविवारी सकाळी.

हे सगळं कळून मी साडेदहाला वसंतराव साहेबांकडं गेले. सांगायलाच गेले होते. त्यांच्या टेबलावर टाईप केलेला कागद होता. "सदोष विद्युतकामामुळे सेवा खंडित झाल्याने श्री. महांतप्पा यांची कंत्राटी सेवा सोमवार, दि. २० पासून थांबवण्यात येत आहे." खाली संदर्भ म्हणून माझ्या अहवालाची तारीख.

साहेब म्हणाले, "तुमचा रिपोर्ट फार कामाला आला, मॅडम. ट्रस्टचे आण्णासाहेब म्हणत होते, पोरगी हुशार आहे." आण्णासाहेब आमचे अध्यक्ष.

मी म्हटलं, "सर, रविवारी सकाळी दोन तास सर्व्हर बंद लागेल. देखभालीसाठी."

"घ्या की."

आणि बाहेर आले. देखभालीसाठी! बाराला शिपायानं तो कागद औषधाच्या खिडकीशेजारच्या फलकावर लावला.

सोमवारी सांगेन. आधी दुरुस्त करते, मग सांगते. दुरुस्त झाल्यावर सांगितलं तर ऐकतील तरी.

१८ जानेवारी, शनिवार

आजचं आजच लिहून ठेवते.

अकरा पंचवीसला पडला. बिरूनं अपघाताच्या पेशंटचे फोटो पाठवले होते, एकदम चौदा. त्याला पाठवू नको असं मी सांगू शकले असते. एकेक पाठव, एवढं तरी. कालच सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर त्यानं विचारलं असतं, का.

या वेळी कार्ड आपोआप उठलंच नाही. सगळा सर्व्हर रीस्टार्ट करावा लागला. चौदा मिनिटं.

त्याच वेळी बाळंतपणाच्या वॉर्डात तामलवाडीची एक बाई होती, तेवीस वर्षांची. बाळ झालं आणि रक्त थांबेना. दोन वर्षांपूर्वीच्या बाळंतपणात तिला दिलेलं रक्त अंगाला मानवलं नव्हतं, त्यामुळं कोणतं चालतं आणि कोणतं नाही याची नोंद होती. रक्तसाठ्याच्या मशीनमध्ये. नळदुर्गच्या पोटात.

सर्व्हर रूमच्या खिडकीतून रक्तसाठ्याकडचा बोळ दिसतो. सिस्टर पळत आल्या, पडदा गोठलेला, पळत परत गेल्या. मग तळघरात जुनी कागदी फाईल शोधायला माणूस पळाला. मी पडद्यावर पांढऱ्या ओळी सरकताना बघत होते. त्या ओळींना घाई नसते.

बाहेर आले तर बाकावर त्या बाईची सासू. म्हाळसाबाई नाव, नंतर कळलं. पदराचा बोळा तोंडात धरलेला. माझ्या गळ्यातलं ओळखपत्र बघून उठल्या. "बाई, तुमचा काम्पुटर उठला का? सिस्टर म्हनल्या, काम्पुटर उठला की रगत मिळतंय."

"उठतोय मावशी. दोन मिनिटं."

"काय झालंय त्याला?"

मी म्हटलं, "लाईट."

तोंडातून तेच आलं. कुणी शिकवल्यासारखं.

फाईल तळघरात सापडली, तीही सर्व्हर उठायच्या दोन मिनिटं आधी. रक्त लागलं. संध्याकाळी पाचला विचारून आले, बाई शुद्धीवर आहे, बाळाला बघितलं तिनं. डॉ. प्रेमला मॅडम, आमच्या अधीक्षक, वॉर्डातून बाहेर येत होत्या. चेहरा उतरलेला. "वाचली," एवढंच म्हणाल्या, आणि जाताना माझ्याकडं थोडं जास्त वेळ बघितलं. की मलाच वाटलं.

१९ जानेवारी, रविवार

फर्मवेअर बदलायला पाच-सहा मिनिटं लागतात. पण त्या मिनिटांत लाईट गेली आणि यूपीएसनंही दगा दिला, तर कार्ड कायमचं मरतं. रविवारी सकाळी इथं लाईटचा भरवसा नाही. जनरेटर चालू ठेवायला माणूस हवा होता. तो एकच होता, आणि त्याचा आज शेवटचा दिवस.

फोन केला. काल शनिवार असूनही गावी गेले नव्हते. "सामान बांधतोय मॅडम. यितो."

सातला आले. स्वच्छ शर्ट, हातात पिशवी. म्हटलं, "अप्पा, कार्डाचं काम आहे. सहा मिनिटं अजिबात लाईट जाऊ द्यायची नाही."

"कंच्या कार्डाचं?"

"नेटवर्कच्या. ज्यातून सगळं बाहेर जातं."

"म्हंजी फोटू बी त्यातनंच?"

"हो."

त्यांनी मान हलवली. एवढंच. मला वाटलं, आता म्हणतील. म्हणाले, "मी तुमची खोली जनरेटरवर टाकतो. तितंच हुबा ऱ्हातो. मोबाईल चालू ठिवा. तुमी करा निवांत."

निवांत! पहिल्यांदा फाईलच चुकीची निघाली, दुसऱ्या मॉडेलची. बरं, टाकायच्या आधी नाव तीनदा वाचलं. आता मी सगळं तीनदा वाचते. दुसरी उतरवली, यादीशी ताडली, आकडा न् आकडा. मग सुरू. वीस टक्के. चाळीस. एकावन्नला खरंच लाईट गेली. कॉरिडॉर अंधारला, माझ्या खोलीतला दिवा तसाच. खालून जनरेटरचा आवाज, आणि मोबाईलमध्ये अप्पा, "गेली बाहीरची. तुमची चालू हाय. करा."

शंभर.

नळदुर्ग वर आला. बिरूला बोलावून वीस फोटो पाठवायला लावले. मग पन्नास. काही झालं नाही. बिरू म्हणाला, "ह्यॅ! अप्पा, तुमचं नशीबच खोटं. एक आठवडा आधी का न्हाय केलं हे मॅडमनी?" अप्पांनी त्याला गप बस म्हटलं.

नऊच्या एसटीला ते गेले. दारात मी म्हटलं, "अप्पा, थँक्यू." म्हणाले, "कामच हाय ते." थोडं थांबले. माझ्याकडं बघत होते, काहीतरी ऐकायचं असल्यासारखे. मला वाटलं, निरोपाचं काही बोलावं अशी अपेक्षा असेल. म्हटलं, सांभाळून जा.

२० जानेवारी, सोमवार

एकदाही पडला नाही.

सकाळी प्रेमला मॅडमकडं आठवड्याची बैठक. ठरवून गेले होते, पाठ करून. मी तोंड उघडायच्या आत वसंतराव साहेब म्हणाले, "बघा मॅडम. माणूस गेला आणि त्रास गेला. आज सकाळपासून एकदा तरी पडलंय का?" सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"नाही," मी म्हटलं.

"शंभर टक्के त्याचंच काम होतं."

आता माझ्या दुरुस्तीनंच ते सिद्ध झालं होतं. प्रेमला मॅडमनी विचारलं, "काल देखभालीत काय केलंत?" मी कार्ड, फर्मवेअर, ड्रायव्हर, आवृत्तीचा आकडा असं बरंच बोलले. पाच मिनिटं बोलले असेन. सगळं खरं होतं आणि कुणाला काही कळलं नाही. साहेबांनी कौतुकानं मान हलवली. मॅडमनी हलवली नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

आण्णासाहेबांनी फोन करून शाबासकी दिली.

जेवले नाही. रणधीरला सगळं सांगितलं. मला वाटलं तो म्हणेल, जाऊ दे, कंत्राटीच होते ना. त्यानं ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "त्यांना दुसरं काम मिळेल का गं, असं काढल्यावर?"

हा विचार मी केलाच नव्हता. मी इतके दिवस माझाच विचार करत होते.

२२ जानेवारी, बुधवार

सांगितलं. अकरा वाजता, प्रेमला मॅडमच्या खोलीत, उभ्यानंच. पाठ केलेलं विसरले. म्हटलं, "मॅडम, अप्पांचा दोष नव्हता. मी पाच तारखेला अपडेट केलं, करायच्या आधी जे तपासायचं ते तपासलं नाही. त्यानं सर्व्हर पडत होता. लाईटचं मी लिहिलं ते चूक होतं."

त्या रागावल्या नाहीत. पेन खाली ठेवलं. "पाच तारखेला अपडेट झालं ते मला माहीत होतं. तुम्हीच सांगितलं होतंत, हौसेनं. सात तारखेपासून पडायला लागलं. मी संगणकातली नाही, पण तारखा मला वाचता येतात. तुम्ही कधी येताय ते बघत होते."

"मग तुम्ही अप्पांना..."

"हो. मी थांबवायला हवं होतं. वसंतरावांनी कागद आणला, तुमचा अहवाल जोडलेला होता, मी सही केली. ती माझी चूक." मग विचारलं, "शनिवारी, त्या बाईच्या वेळी, तुम्हाला कारण माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"शुक्रवारी सकाळी आठपासून."

त्यांनी पेन पुन्हा उचललं. मला वाटलं होतं सांगून टाकलं की हलकं वाटतं. नाही वाटलं. "लेखी द्या," म्हणाल्या. दिलं. मला लेखी ताकीद मिळेल, आणि यापुढं प्रत्येक अपडेटच्या आधी तपासणीचा कागद सहीसकट त्यांच्या टेबलावर जाईल. तो नियम मीच लिहायचा आहे. अप्पांचा आदेश रद्द.

वसंतराव साहेब संध्याकाळी भेटले. बोलले नाहीत. जिन्यात फक्त म्हणाले, "मला तोंडावर पाडलंत." तेही खरं आहे.

२६ जानेवारी, रविवार

अप्पा फोन उचलत नाहीत, चार दिवस. आज आदेश रद्द केल्याचा कागद घेऊन अणदूरला गेले. तुळजापूरला गाडी बदलली. झेंडावंदन उरकून पोरं रस्त्यानं परत येत होती. अप्पांचं घर विचारलं तर एकजण म्हणाला, "कोन, दवाखान्याची मशीन जाळली ते का?"

घरी अप्पा आणि त्यांच्या मंडळी, सिताबाई. अप्पा "या मॅडम" म्हणाले आणि खुर्ची पुसली. सिताबाईंनी पाणी दिलं, पण माझ्याकडं बघितलं नाही. मी कागद पुढं केला. अप्पांनी वाचून त्यांच्या हातात दिला. त्यांनी बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं.

"'प्रशासकीय कारणास्तव आदेश मागे घेण्यात येत आहे,'" त्या म्हणाल्या. "ह्यात ह्यांची चूक न्हवती आसं कुठं लिवलंय?"

नव्हतं लिहिलेलं. मी तो कागद चार वेळा वाचला होता आणि मला ते दिसलं नव्हतं.

"शाळंच्या वायरिंगचं काम व्हतं गावात. हेडमास्तर म्हनले, नगं, दवाखान्यानं काढलंय तुमाला. आता ह्यो कागद दावला तर म्हनतील, दया आली आसंल."

"अगं, ऱ्हाऊ दे," अप्पा म्हणाले.

"का ऱ्हाऊ दे?"

मी त्यांच्याकडून कोरा कागद मागितला. लिहायला घेतलं आणि अडले. ड्रायव्हर, फर्मवेअर, सगळे शब्द काढून टाकले तर काय उरतं? शेवटी लिहिलं: "रुग्णालयातील संगणक जानेवारीत बंद पडत होते ते माझ्या चुकीमुळे. मी करायची तपासणी केली नाही. महांतप्पा यांनी केलेले विजेचे काम चांगले होते व आहे. बिघाड कशामुळे होतो हे सर्वांत आधी त्यांनीच शोधले. त्यांनी ते मला सांगितले आणि मी गप्प बसले." सही, तारीख.

सिताबाईंनी वाचला. पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "शोधलं व्हतं तुमी?" त्यांनी अप्पांना विचारलं. "मला बोलला न्हाईत."

अप्पा म्हणाले, "त्यांचं काम व्हतं. त्यांनी सांगायचं व्हतं."

पंधरा तारखेपासून ते वाट बघत होते. ती वही मिटताना, जनरेटरजवळ, दारात. त्यांना सगळं कळलं होतं, आणि मी लिहून ठेवलंय की त्यांना कळलं नसावं. मान वर करवेना.

"अप्पा, उद्या याल?"

त्यांनी कागद माझ्याकडं परत दिला. "यीन. पर ह्यो घरी ठिवून काय करू? जितं माझं नाव लागलं व्हतं, तितं लावा. गर्दी आसल तवा."

२७ जानेवारी, सोमवार

साडेदहाला औषधाच्या खिडकीपुढं रांग दारापर्यंत होती. अप्पा त्यांच्या पिशवीसह आले आणि रांगेच्या बाजूला उभे राहिले. मी फलकावर कागद लावला. टाचण्या घट्ट बसेनात. कागद वाकडा झाला, काढला, पुन्हा लावला. पाठीमागं लोकांची कुजबुज थांबली. बिरू एक्स-रे खोलीतून बाहेर आला आणि सवयीप्रमाणं मोठ्यानं वाचायला लागला. "ते माझ्या चुकीमुळे" इथं त्याचा आवाज खाली गेला, मग रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं "पुढं वाच की" म्हटल्यावर त्यानं शेवटपर्यंत वाचला, माझ्या सहीसकट.

मी तिथंच उभी राहिले. वसंतराव साहेब त्यांच्या दारातून बघत होते.

अप्पा जवळ आले. कागदाकडं जरा मान तिरकी करून बघितलं.

"डावीकडनं वर घ्या थोडा," म्हणाले. मी घेतला. मग ते पिशवी उचलून विजेच्या पॅनेलकडं गेले.